पाण्यातलं विष सांगणारे जिवाणू : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विहिरीचं, नदीचं किंवा कारखान्यातून बाहेर पडणारं पाणी विषारी आहे का, हे जिवाणूंकडून कसं समजून घेतात, याबद्दल विद्यार्थी, ग्रामपंचायतीतली मंडळी आणि सांडपाणी केंद्रांवर काम करणारे लोक बरेच प्रश्न विचारतात. ते प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. काही उत्तरं लांब आहेत, कारण तिथे घाईने ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हटलं तर गैरसमजच वाढतो.

जिवाणू-सेन्सर म्हणजे नेमकं काय?

जिवंत पेशी आणि तिच्यात होणारा बदल मोजणारं साधन, अशी ही जोडी असते. पाण्यात काही घातक असेल तर पेशीचं श्वसन मंदावतं, तिचा प्रकाश कमी होतो, ती एखादं रंगीत द्रव्य तयार करते किंवा तिच्यातून वाहणारा विजेचा प्रवाह बदलतो. हा बदल प्रकाशमापकाने, ऑक्सिजनच्या इलेक्ट्रोडने किंवा काही वेळा नुसत्या डोळ्यांनीही टिपता येतो.

याचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. पहिला प्रकार ‘हे पाणी जिवाला बाधतंय’ एवढंच सांगतो, कशामुळे ते सांगत नाही. दुसरा प्रकार एखाद्या ठरावीक रसायनालाच प्रतिसाद देतो, उदाहरणार्थ आर्सेनिकला किंवा पाऱ्याला. पुढची बहुतेक उत्तरं हा फरक लक्षात ठेवून वाचावीत.

इतकी अचूक यंत्रं असताना जिवाणू कशाला हवेत?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. यंत्राला आपण विचारतो, ‘या पाण्यात शिसं किती, क्रोमियम किती?’ यंत्र तेवढ्याचंच उत्तर देतं आणि फार चोख देतं. पण जे विचारलंच नाही, त्याबद्दल ते गप्प राहतं. ९ जानेवारी २०१४ रोजी अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या चार्ल्सटन शहराजवळ एका टाकीतून एमसीएचएम नावाचं, कोळसा धुण्यासाठी वापरलं जाणारं रसायन एल्क नदीत गळलं. सुमारे तीन लाख लोकांचं नळाचं पाणी बंद करावं लागलं. हे रसायन पाण्याच्या नेहमीच्या तपासणीच्या यादीत नव्हतं. काहीतरी बिघडलंय हे आधी लोकांच्या नाकाला कळलं, कारण हवेत जेष्ठमधासारखा वास सुटला होता.

औद्योगिक वसाहतीतल्या सांडपाण्यात तर एका वेळी कितीतरी पदार्थ मिसळलेले असतात. एकेक पदार्थ मर्यादेत असला, तरी सगळे मिळून काय करतील हे प्रत्येकाच्या वेगवेगळ्या आकड्यावरून काढता येत नाही. जिवाणूच्या पेशीवर मात्र त्या संपूर्ण मिश्रणाचा परिणाम होतो.

आणखी एक मुद्दा आहे. नमुना आम्लात विरघळवून केलेल्या तपासणीत यंत्र एकूण धातू मोजतं. त्यातला काही भाग गाळाला किंवा सेंद्रिय पदार्थांना घट्ट चिकटलेला असतो आणि जिवंत पेशीत शिरू शकत नाही. जिवाणू फक्त आत शिरणारा भाग मोजतो. म्हणून दोन्हींचे आकडे जुळले नाहीत की लगेच जिवाणूला खोटं ठरवू नये. दोघांना विचारलेले प्रश्नच वेगळे होते.

प्रकाश देणारे जिवाणू खरंच असतात का?

असतात, आणि या क्षेत्रात सगळ्यात जास्त वापरही त्यांचाच होतो. अ‍ॅलिव्हिब्रिओ फिशरी हा समुद्रातला जिवाणू आहे. पूर्वी त्याला व्हिब्रिओ फिशरी म्हणत. काही समुद्री स्क्विडच्या शरीरात तो मुक्काम करतो आणि निळसर-हिरवा प्रकाश देतो. हा प्रकाश ल्युसिफरेज नावाच्या विकरामुळे पडतो. त्यासाठी ऑक्सिजन, एक लांब साखळीचं अल्डिहाइड आणि पेशीच्या चयापचयातून मिळणारा एफएमएनएच-टू हा रेणू लागतो. म्हणजे पेशीचं कामकाज नीट चाललं असेल तरच प्रकाश पडतो. विषारी पदार्थाने हे कामकाज बिघडलं की प्रकाश काही मिनिटांतच घटतो.

याच गुणावर आधारलेली मायक्रोटॉक्स ही चाचणी १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत पुढे आली. आज या पद्धतीसाठी आयएसओ ११३४८ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. वाळवून ठेवलेले जिवाणू पाणी घालून जागे करतात, नमुन्यात दोन टक्के मीठ घालतात (समुद्रातला जीव असल्याने त्याशिवाय तो तग धरत नाही), तापमान १५ अंश सेल्सिअस ठेवतात आणि ५, १५ व ३० मिनिटांनी प्रकाश मोजतात.

अहवालात ‘ईसी-५०’ लिहिलेलं असतं. तो आकडा मोठा चांगला की लहान?

मोठा चांगला. प्रकाश निम्म्याने घटवायला नमुन्याचं किती प्रमाण लागलं, ते हा आकडा सांगतो. सांडपाण्याचा ईसी-५० ८० टक्के असेल, तर जवळजवळ निखळ सांडपाणी दिल्यावर प्रकाश अर्धा झाला. तो ५ टक्के असेल, तर वीसपट पातळ केल्यावरही तेवढाच फटका बसला. आकड्याशेजारी किती मिनिटांनी मोजलं ते लिहिलेलं असलंच पाहिजे. जड धातूंचा परिणाम हळूहळू वाढत जातो, म्हणून ५ मिनिटांचा आणि ३० मिनिटांचा आकडा एकमेकांशी ताडून पाहू नये.

एकाच रसायनाला प्रतिसाद देणारा जिवाणू कसा तयार करतात?

आर्सेनिकचं उदाहरण घेऊ, कारण त्यावर सगळ्यात जास्त काम झालं आहे. आर्सेनिक पृथ्वीवर माणसाच्या कितीतरी आधीपासून आहे आणि अनेक जिवाणूंकडे ते पेशीबाहेर फेकण्याची यंत्रणा आहे. पण ही यंत्रणा सतत चालू ठेवणं पेशीला परवडत नाही. म्हणून आर्स-आर नावाचं एक प्रथिन त्या जनुकांच्या सुरुवातीला डीएनएवर आगळ घालून बसलेलं असतं. आर्सेनिक आत आलं की ते आर्स-आरला चिकटतं, त्याचा आकार बदलतो, आगळ निघते आणि जनुकं वाचली जाऊ लागतात.

शास्त्रज्ञांनी या आगळीपुढे दुसरंच जनुक जोडलं. ते प्रकाश देणारं असू शकतं, हिरवं चमकणारं प्रथिन बनवणारं असू शकतं किंवा निळा रंग आणणारं विकर बनवणारंही असू शकतं. आता आर्सेनिक आलं की पेशी चमकते किंवा रंगते. जेवढं आर्सेनिक जास्त, तेवढा एका मर्यादेपर्यंत प्रतिसाद जास्त.

ऐकायला सोपं वाटतं, पण खरी अडचण आर्सेनिक नसतानाच्या प्रकाशाची होती. आगळ थोडी सैल असते, त्यामुळे स्वच्छ पाण्यातही मंद प्रकाश पडतो आणि कमी प्रमाणातलं आर्सेनिक त्यात लपून जातं. स्वित्झर्लंडमधल्या लोझानचे यान रूलोफ फान डेर मेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात प्रकाशाच्या जनुकाआधी आर्स-आरला बसण्यासाठी आणखी एक जागा दिली. त्यामुळे नको असलेला प्रकाश बराच दबला आणि पिण्याच्या पाण्यासाठी उपयोगी पडेल अशी संवेदनशीलता हाती आली. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम आहे. तिथपर्यंत पोहोचणं हे या कामाचं खरं यश आहे, असं मला वाटतं.

पाऱ्यासाठी मेर-आर नावाच्या प्रथिनावर आधारलेले सेन्सर असेच बनवले आहेत. नॅफ्थॅलिन ओळखणारा प्रकाशमान स्यूडोमोनास तर त्याआधी, १९९० मध्येच, अमेरिकेतल्या टेनेसी विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी जगापुढे आणला होता.

हे गावात, प्रत्यक्ष हापशावर कुणी वापरून पाहिलं आहे का?

हो, व्हिएतनाम आणि बांगलादेशात. बांगलादेशची गोष्ट मन विषण्ण करणारी आहे. तळ्या-डबक्यांच्या पाण्यामुळे होणाऱ्या जुलाब-हगवणीपासून लोकांना वाचवण्यासाठी १९७० च्या दशकापासून तिथे लाखो नळकूप खोदले गेले. पुढे कळलं की त्यातल्या पुष्कळ नळकूपांच्या पाण्यात आर्सेनिक आहे. २००१ च्या भूगर्भ सर्वेक्षणाच्या अंदाजानुसार सुमारे साडेतीन कोटी लोक लिटरमागे ५० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त आर्सेनिक असलेलं पाणी पीत होते. पश्चिम बंगालमध्ये कोलकात्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. क्षितीशचंद्र साहा यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच रुग्णांच्या त्वचेवरून हा धोका ओळखला होता.

इथे जिवाणू उपयोगी पडतात ते एका खास कारणामुळे. एका घरच्या नळकूपात आर्सेनिक भरपूर आणि वीस पावलांवरच्या दुसऱ्यात जवळपास नाही, असं तिथे सर्रास आढळतं. म्हणजे गावातला एक नमुना तपासून भागत नाही, प्रत्येक नळकूप तपासावा लागतो. तिथे सरकारी मोहिमेत नळकूप लाल आणि हिरव्या रंगाने रंगवले गेले. त्यासाठी वापरलेली रासायनिक किट नमुन्यातून आर्सीन हा अत्यंत विषारी वायू तयार करते आणि पाऱ्याचा क्षार लावलेल्या कागदावर रंग उमटवते. शिवाय रंगाची छटा डोळ्यांनी ठरवताना मर्यादेच्या आसपासच चुका होतात.

जर्मनीतल्या लाइपझिगच्या हेल्महोल्ट्झ पर्यावरण संशोधन केंद्राने लोझानच्या जिवाणूवरून आर्सोलक्स नावाची किट तयार केली. छोट्या कुपीत वाळवलेले जिवाणू असतात. त्यात पाणी टोचायचं, साधारण दोन तास ऊब द्यायची आणि हातात मावणाऱ्या प्रकाशमापकावर आकडा वाचायचा. बांगलादेशातल्या क्षेत्रचाचण्यांचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले.

त्याआधी व्हिएतनाममध्ये एक उपयुक्त धडा मिळाला होता. तिथल्या भूजलात लोह खूप आहे. पाणी वर येऊन हवा लागली की लोहाचा तांबूस साका बसतो आणि आर्सेनिक त्याला चिकटून जिवाणूपासून दूर राहतं. आकडा खोटा कमी येतो. उपाय साधा होता : नमुना आधी आम्लात घ्यायचा आणि तपासणीआधी पायरोफॉस्फेटने त्याची आम्लता उतरवायची.

महाराष्ट्रात आर्सेनिकचा प्रश्न आहे का? नसेल तर आपल्याला याचा काय उपयोग?

आपल्या भूजलाचं मोठं दुखणं फ्लोराइड आणि नायट्रेट हे आहे. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांनी पिवळे-करडे डागाळलेले दात आणि वाकलेली हाडं पाहिली आहेत. भारतीय मानक आयएस १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावं, आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतलं जातं.

फ्लोराइडसाठी जिवाणूंकडेच सापडलेला एक आरएनए-स्विच आहे, जो फ्लोराइड आयन चिकटला की जनुक चालू करतो. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात ज्युलियस लक्स यांच्या गटाने तो पेशीबाहेर, परीक्षानळीत चालवला. जिवाणू फोडून त्यांच्यातली प्रथिनं बनवणारी सामग्री घ्यायची, ती वाळवायची आणि पाण्याचा थेंब घालून जागी करायची. ही चाचणी कोस्टा रिकात, ज्वालामुखीच्या परिसरातल्या पाण्यावर, प्रत्यक्ष जागी करून पाहिली गेली. पुढे केनियातही तिचा वापर झाला. रोगजंतू नाहीत, जिवंत पेशी नाही, शीतपेटी नाही. पांढरकवड्याच्या किंवा वरोऱ्याच्या एखाद्या शाळेत विज्ञानशिक्षकाला हाताळता येईल, असं हे तंत्र आहे. आपल्या विद्यापीठांनी ते इथल्या पाण्यावर घासून-पुसून पाहावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे. इथल्या पाण्याचा कठीणपणा आणि क्षार वेगळे आहेत, म्हणून परदेशातले आकडे जसेच्या तसे उचलता येणार नाहीत.

आपल्याकडे या विषयावर काम झालं आहे का?

झालं आहे, आणि चांगलं झालं आहे. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात स्टॅनिस्लॉस डिसूझा आणि सहकाऱ्यांनी सूक्ष्मजीव-सेन्सरवर दीर्घकाळ काम केलं. त्यांनी फ्लेवोबॅक्टेरियम या जिवाणूच्या पेशी काचतंतूंच्या गाळणकागदावर बसवून मिथाइल पॅराथिऑन हे कीटकनाशक ओळखणारा सेन्सर तयार केला. या जिवाणूचं विकर कीटकनाशक तोडतं, त्यातून पिवळं पॅरा-नायट्रोफेनॉल सुटतं आणि त्या पिवळेपणावरून प्रमाण काढता येतं. वापरून फेकून देता येणारा, स्वस्त सेन्सर हा त्यामागचा विचार होता.

आयआयटी मुंबईत रुची आनंद यांच्या गटाने मोप-आर या जिवाणू-प्रथिनाची रचना उलगडून फेनॉलसारखी प्रदूषकं ओळखणारे प्रथिन-सेन्सर घडवले. यात अखंड जिवाणू नसतो, त्याचं ‘नाक’ तेवढं घेतलेलं असतं.

शेतातलं औषध विहिरीत उतरलं असेल तर प्रकाश देणारा जिवाणू सांगेल का?

बहुधा नाही, आणि हे ठळकपणे सांगायला हवं. ऑर्गनोफॉस्फरस गटातली कीटकनाशकं कीटकांच्या आणि आपल्या मज्जासंस्थेवर घाला घालतात. जिवाणूला मज्जातंतूच नाहीत. मासा तडफडून मरेल इतकं औषध पाण्यात असलं, तरी जिवाणू निवांत प्रकाश देत राहू शकतो. तणनाशकांचंही तसंच आहे. त्यातली पुष्कळ प्रकाशसंश्लेषण रोखतात, आणि हा जिवाणू ती क्रिया करतच नाही. त्यासाठी क्लोरेलासारख्या शैवालावर आधारलेले सेन्सर वापरतात. अ‍ॅट्रॅझिन किंवा डाययुरॉन पाण्यात आलं की शैवालातून परत येणाऱ्या प्रकाशात फरक पडतो.

१ नोव्हेंबर १९८६ रोजी स्वित्झर्लंडच्या बाझल शहराजवळ सँडोझ कंपनीच्या गोदामाला आग लागली. ती विझवायला मारलेल्या पाण्याबरोबर कीटकनाशकं टनावारी ऱ्हाईन नदीत गेली आणि लाखाहून अधिक ईल मासे मेले. त्यानंतर ऱ्हाईनवर सतत चालणारी जैविक पहारा-केंद्रं वाढली. त्यांत पाणपिसवा, शिंपले, शैवाल असे वेगवेगळ्या जातींचे जीव ठेवले जातात. कुठलाही एक जीव सगळी विषं ओळखत नाही, हा अनुभव त्यामागे आहे.

कॅडमियम आणि अमोनियाच्या बाबतीतही हा प्रकाशमान जिवाणू काहीसा बधिर आहे. नमुन्यात घातलेल्या मिठातलं क्लोराइड कॅडमियमला बांधून ठेवतं, हे त्याचं एक कारण. म्हणून ‘प्रकाश घटला नाही’ याचा अर्थ ‘पाणी पिण्यालायक आहे’ असा कधीही घेऊ नये. प्रकाश घटला तर मात्र तो इशारा गांभीर्याने घ्यावा.

बीओडी तीन दिवसांऐवजी अर्ध्या तासात कळतो म्हणतात. खरं आहे का?

खरं आहे, पण अटींसह. बीओडी म्हणजे पाण्यातला सेंद्रिय कचरा पचवताना सूक्ष्मजीव किती ऑक्सिजन वापरतात, त्याचं माप. जगभर बीओडी २० अंशांवर पाच दिवस ठेवून काढतात, भारतात तो २७ अंशांवर तीन दिवस ठेवतात. जपानमध्ये इसाओ कारुबे यांनी १९७७ मध्ये ऑक्सिजनच्या इलेक्ट्रोडवर सूक्ष्मजीवांचा थर बसवून हा वेळ मिनिटांवर आणला. पुढे त्यात ट्रायकोस्पोरॉन ही यीस्ट वापरली गेली, १९८३ मध्ये यंत्र बाजारात आलं आणि १९९० मध्ये जपानने त्याचं औद्योगिक मानकही केलं. अट अशी की सेन्सरवरचा जीव जे पदार्थ पटकन खातो तेच मोजले जातात. स्टार्च, सेल्युलोज यांसारखे हळू पचणारे पदार्थ निसटतात. रोजच्या नियंत्रणासाठी तो उत्तम आहे, कायदेशीर अहवालासाठी मात्र तीन दिवसांची बाटलीच लागते.

सामायिक सांडपाणी केंद्रात, म्हणजे सीईटीपीत, याचा काय उपयोग?

माझ्या मते आपल्या राज्यात या तंत्राची पहिली जागा तीच आहे. तारापूर, तळोजा, डोंबिवली, लोटे, महाड इथल्या वसाहतींमधून अनेक कारखान्यांचं पाणी एकाच केंद्रात येतं. त्या केंद्राचा प्राण असतो एरेशन टँकमधला स्लज, म्हणजे अब्जावधी जिवंत सूक्ष्मजीव. एखाद्या रात्री एखाद्या टँकरमधून किंवा वाहिनीतून जहाल पाणी आलं, की हा स्लज मरतो. ऑपरेटरला ते कळतं तेव्हा टाकीवर फेस आलेला असतो, स्लज बसत नसतो आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याचा सीओडी (रासायनिक पद्धतीने मोजलेली ऑक्सिजनची गरज) चढलेला असतो. मेलेला स्लज पुन्हा उभा करायला कित्येक दिवस, कधी आठवडे लागतात. त्या काळात नदी-खाडीत जे जातं, त्याची किंमत खालच्या अंगाचे कोळी आणि शेतकरी मोजतात.

आज केंद्रांवर बसवलेली ऑनलाइन यंत्रं पीएच, सीओडी, बीओडी, निलंबित घन पदार्थ असे आकडे देतात. ‘हे पाणी माझ्या स्लजला मारेल का?’ या प्रश्नाचं सरळ उत्तर त्यातल्या एकाही आकड्यात नाही. त्यासाठी केंद्राचाच थोडा स्लज एका छोट्या भांड्यात घ्यायचा, येणारं पाणी त्यात मिसळायचं आणि ऑक्सिजन किती वेगाने संपतो ते डीओ मीटरवर, म्हणजे विरघळलेला ऑक्सिजन मोजणाऱ्या यंत्रावर, पाहायचं. वेग एकदम पडला तर ते पाणी मुख्य टाकीत न सोडता राखीव टाकीत वळवायचं. या श्वसनरोध चाचणीला आयएसओ ८१९२ हे मानक आहे. तिला जनुकीय अभियांत्रिकी लागत नाही, परदेशी किट लागत नाही, जिवाणू तर आपल्याच टाकीतले असतात. डीओ मीटर बहुतेक केंद्रांवर आधीच असतो. राखीव टाकी रिकामी ठेवण्याची शिस्त मात्र लागते, आणि खरी कसोटी तिथेच आहे.

वीज तयार करणारे जिवाणूही सेन्सर होतात का?

होतात. जिओबॅक्टर आणि श्युवानेला हे जिवाणू अन्नातून मिळालेले इलेक्ट्रॉन पेशीबाहेरच्या इलेक्ट्रोडवर सोडू शकतात. पाणी नेहमीचं असेल तर प्रवाह स्थिर राहतो, विष आलं तर तो कोसळतो. रंग किंवा प्रकाश मोजावा लागत नाही, त्यामुळे गढूळ पाण्यातही काम चालतं आणि महिनोन्‌महिने सतत नोंद मिळू शकते.

टेक्सासच्या राइस विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२ मध्ये याला वेगळं वळण दिलं. त्यांनी ई. कोलायमध्ये श्युवानेलाची इलेक्ट्रॉन-वाहिनी बसवली आणि तिचा एक दुवा असा रचला की ठरावीक रसायन आल्यावरच ती पूर्ण व्हावी. जनुक वाचून प्रथिन बनेपर्यंत थांबायला नको, म्हणून थायोसल्फेटसारखं रसायन दोनेक मिनिटांत कळलं. हे अजून प्रयोगशाळेतलं काम आहे, पण वेगाच्या बाबतीत ही मोठी झेप आहे.

नळाच्या पाण्यावर चाचणी केली तर ते नेहमी विषारीच का येतं?

कारण त्यात क्लोरीन असतं. टीसीएल (ब्लीचिंग) पावडर घातलेलं पाणी जिवाणू मारण्यासाठीच तर तयार केलेलं असतं, मग आपला सेन्सर-जिवाणू तरी कसा वाचेल? तपासणीआधी सोडियम थायोसल्फेटचे थेंब घालून क्लोरीन घालवावं आणि क्लोरीन दाखवणाऱ्या ओटी चाचणीत पिवळा रंग येत नाही याची खात्री करावी. सोबत शुद्ध पाण्यात तेवढंच थायोसल्फेट घातलेला तुलनेचा नमुनाही ठेवावा. वर सांगितलेला टेक्सासचा सेन्सर अशा नमुन्यावर अर्थातच चालणार नाही, कारण तो थायोसल्फेटलाच ओळखतो.

इचलकरंजीसारख्या ठिकाणचं रंगीत सांडपाणी असेल तर?

रंग स्वतःच प्रकाश गिळतो. जिवाणू धडधाकट असूनही मापकापर्यंत प्रकाश कमी पोहोचतो आणि आकडा विषारी दिसतो. यासाठी रंगाची दुरुस्ती करण्याची पद्धत आहे, पण गडद काळ्या-निळ्या पाण्यात तीही अपुरी पडते. अशा वेळी श्वसन मोजणारी किंवा वीज मोजणारी पद्धत बरी.

आपल्या उन्हाळ्यात हे जिवाणू टिकतील का?

वाळवलेले जिवाणू डीप फ्रीझरमध्ये दीर्घकाळ राहतात, पण विदर्भातल्या ४५ अंशांत आणि वीज गेलेली असताना त्यांचे हाल होतात. ट्रेहॅलोज साखर किंवा साय काढलेल्या दुधाची भुकटी घालून वाळवलं तर ते जास्त तग धरतात. बॅसिलस जातीच्या जिवाणूंचे बीजाणू वापरणं हा दुसरा मार्ग. बीजाणू ऊन, कोरडेपणा, सगळं सोसतात आणि पोषण मिळालं की रुजतात. आर्सेनिक आणि जस्तासाठी असे बीजाणू-सेन्सर प्रयोगशाळेत तयार झाले आहेत. पेशीविरहित चाचण्यांना ही अडचण सगळ्यात कमी.

जनुक बदललेले जिवाणू गावात नेणं धोक्याचं नाही का?

काळजी रास्त आहे. वापरले जाणारे ई. कोलाय हे के-१२ या प्रयोगशाळेतल्या वाणाचे असतात. हा वाण रोगकारक नाही आणि बाहेरच्या जगात फारसा टिकत नाही. ते बंद कुपीतच वापरतात आणि काम झाल्यावर निर्जंतुक करून टाकतात. तरीही त्यांच्यात बसवलेली जनुकं दुसऱ्या जिवाणूंत जाऊ नयेत याची दक्षता हवीच. भारतात अशा सजीवांचा वापर, आयात आणि साठवण पर्यावरण संरक्षण कायद्याखालच्या १९८९ च्या नियमांनुसारच करता येते. परवानगीची ही वाट लांब आहे आणि अशा किट बाजारात कमी दिसण्याचं ते एक मोठं कारण आहे. अ‍ॅलिव्हिब्रिओ, स्लज किंवा शैवाल वापरणाऱ्या चाचण्यांना हा प्रश्न येत नाही, कारण ते जीव निसर्गात आहेत तसेच वापरले जातात.

आपल्या नियमांत जैविक चाचणी आहे का?

आहे. पर्यावरण संरक्षण नियमांतल्या सांडपाण्याच्या सर्वसाधारण मानकांत माशांची चाचणी सांगितली आहे : शंभर टक्के सांडपाण्यात ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जिवंत राहिले पाहिजेत. तत्त्व अगदी बरोबर आहे, पण चार दिवसांनी निकाल येईपर्यंत ते पाणी खाडीला मिळालेलं असतं. पहिली चाळणी जिवाणूंची आणि शंका आली की माशांची, असा क्रम ठेवला तर निकालही वेळेत मिळेल आणि विनाकारण मरणारे मासेही वाचतील.

गावात मिळणारी एचटूएसची बाटली म्हणजे हेच का?

नाही. त्या बाटलीत पाणी काळं झालं, तर पाण्यात मैल्यातले जिवाणू असण्याची शक्यता कळते. ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतल्या मांजा आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये ती पद्धत मांडली. तिथे आपण पाण्यातले जिवाणू शोधतो, इथे जिवाणूंकडून पाण्यातलं रसायन शोधतो. बाटली काळी झाली नाही म्हणून फ्लोराइड नाही, असं अजिबात नाही.

मला माझ्या विहिरीचं पाणी आत्ताच तपासून घ्यायचं आहे. काय करू?

जिवाणू-सेन्सरची वाट पाहू नका. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा किंवा उपविभागीय प्रयोगशाळेत नमुना द्या. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक तो घेऊन जाऊ शकतो. रासायनिक तपासणीसाठी स्वच्छ प्लास्टिकचा कॅन त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून काठोकाठ भरा. हापसा असेल तर आधी काही मिनिटं पाणी वाहू द्या. जंतूंच्या तपासणीसाठी प्रयोगशाळेकडूनच निर्जंतुक बाटली घ्या आणि ती बर्फात ठेवून २४ तासांच्या आत पोहोचवा. धातूंची शंका असेल तर नमुन्यात आम्ल घालावं लागतं, ते प्रयोगशाळेला विचारून करा. कीटकनाशकासाठी काचेची गडद बाटली लागते. चिठ्ठीवर ठिकाण, तारीख, वेळ, बोअरची खोली, आजूबाजूला काय आहे (शेत, कारखाना, गोठा) आणि पाण्यात टीसीएल टाकलं होतं का, हे सगळं लिहा. पाण्याचा वास, रंग किंवा चव अलीकडे बदलली असेल, तर ती कधीपासून बदलली तेही लिहा. कोणत्या तपासण्या आधी लावायच्या, हे प्रयोगशाळेतली माणसं त्यावरूनच ठरवतात.